कॅमेरनबाईंचें पहिलें यश

छायाचित्रणाची कला नुकतीच हातीं घेतलेल्या विद्यार्थ्यास आपण किती पुढें आलों हें कळावें कसें? हल्लीं कॅमेरा घरोघरीं आला आहे व चित्रें शेंकड्यांनीं निघतात. त्यामुळें हा प्रश्न सोपा न होतां अधिकच अवघड झाला आहे. म्हणून आम्ही येथें ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन ह्या बाईंचें चरित्र थोडक्यांत देत आहों.

बाईंचा जन्म ता. ११ जून १८१५ रोजीं कलकत्ता येथें झाला. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत होते. १८३६ मध्यें त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास केप येथें राहिल्या असतां थोर ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल ह्यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. हर्शेल रसायनशास्त्रांतहि निष्णात होते. छायाचित्र कायम करण्यास जो हायपो नांवाचा क्षार वापरतात, त्याचा तो गुण त्यांच्याच १८१९ मधील शोधांतून उपयोगांत आला. १८४२ सालीं त्यांनीं ह्या नवीन कलेचे कांहीं नमुने बाईंना पाठविले. बाईंचे पति चार्ल्स हे कॅमेरन हे मेकॉले ह्यांच्यासह हिंदुस्थानच्या दंडविधानाचा मसुदा करणाऱ्या मंडळाचे सभासद होते. १८४८ मध्यें हें कुटुंब विलायतेस गेलें व १८६० मध्यें वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथें, कविवर्य टेनिसन ह्यांच्या शेजारीं, स्थायिक झालें.

१८६३ च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें बाईंना एक कॅमेरा भेट दिला. बाई तेव्हां ४८ वर्षांच्या होत्या. पति सिलोनांतील कॉफीच्या मळ्यांकडे गेलेले, मुलें मोठीं झालेलीं. एकटेपणीं मन रमावें एवढाच देणारांचा हेतु होता. बाईंनीं कोंबड्यांचें खुराडें रिकामें करून तेथें कांचेचें चित्रगृह केलें आणि कोळशाच्या कोठडीची अंधारखोली केली.

त्या काळची रीत मोठी कष्टाची होती. कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून प्रकाश द्यावयाचा व लगेच अंधारांत नेऊन चित्र उमटवावयाचें. कांच वाळली कीं सर्व श्रम फुकट! समोर बसणारास कांहीं मिनिटें निश्चळ राहावें लागे. क्षारानें हात काळे पडत, तें निराळेंच.

प्रथम बाईंनीं गांवच्या एका शेतकऱ्यास तासास अर्धा क्राऊन देऊन बसविलें. चित्र आलें, पण ओल्या बाजूवरून त्यांचाच हात फिरला आणि तें पुसून गेलें. पुढें १८६४ च्या जानेवारींत ॲनी नांवाच्या मुलीचें चित्र साधलें. बाईंना इतका हर्ष झाला कीं मुलीस भेट द्यावयास वस्तु शोधीत त्या घरभर धांवल्या. जणुं तें चित्र तिनेंच काढलें होतें! त्याच दिवशीं त्यांनीं तें कागदावर उतरवून, चौकटींत बसवून मुलीच्या वडिलांस दिलें आणि आपलें हें पहिलें यश, असें लिहून ठेवलें.

ही लिहून ठेवण्याची संवय आम्हांस फार महत्त्वाची वाटते. अनेक चित्रांखालीं त्या स्वहस्तें टीप लिहीत. स्वामित्वाच्या सरकारी नोंदणींत पुढील सुमारें अकरा वर्षांत त्यांनीं ५०० हून अधिक चित्रें नोंदविलीं. शिवाय चित्रें हर्शेल ह्यांच्याकडे अभिप्रायार्थ जात. १८६४ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं आपल्या चित्रांची एक वहीच त्यांस अर्पण केली.

बाहेरची परीक्षा मात्र कडक होती. त्याच वर्षीं बाई लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या. तेथील टीकाकारांनीं चित्रांतील अस्पष्टता, डाग व ओरखडे ह्यांवरून त्यांस दोष दिला. डागांविषयीं टीका खरी होती, असें चित्रें पाहून आम्हांसहि वाटतें. अस्पष्टतेची गोष्ट वेगळी. भिंग फिरवितां फिरवितां जेथें मुद्रा सुंदर दिसे तेथेंच बाई थांबत. रेषा अधिक ठळक करण्यास त्या पुढें जात नसत. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि तो टीकेनें बदलला नाहीं. १८६५ मध्यें साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयानें त्यांचीं चित्रें विकत घेतलीं. १८६८ मध्यें तेथेंच त्यांस दोन खोल्या कामाकरितां मिळाल्या. पैशाची निकडहि होती, कारण मळ्यांचें उत्पन्न घटत चाललें होतें.

१८६६ मध्यें त्यांनीं मोठा कॅमेरा घेतला. त्याची कांच १५ इंच लांब व १२ इंच रुंद होती. १८६७ च्या एप्रिलांत त्या हर्शेल ह्यांच्या घरीं गेल्या. काळोख्या पार्श्वभूमीवर विस्कटलेले पांढरे केस, थकलेले परंतु जागृत डोळे, असें त्या वृद्ध शास्त्रज्ञाचें चित्र त्यांनीं घेतलें. ॲनीच्या चित्राजवळ तें ठेवून पाहिलें म्हणजे मधल्या तीन वर्षांचें काम समजतें. त्याच वर्षीं बाईंनीं हर्शेल ह्यांची वही परत मागविली, तींत नवीं चित्रें घालून ती पुरी केली व सप्टेंबरांत पुन्हा त्यांस दिली.

१८७४ मध्यें त्यांनीं आपल्या कामाची हकीकत लिहावयास घेतली. ती अपुरी राहिली. १८७५ मध्यें पतीसह त्या सिलोनांत गेल्या. तेथें त्यांच्या हातून थोडींच चित्रें झालीं, आणि ता. २६ जानेवारी १८७९ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. हर्शेल ह्यांची ती वही १९७५ मध्यें परदेशीं विकली जाण्याचा प्रसंग आला होता; तेव्हां द्रव्य जमवून ती ब्रिटनमध्येंच राखण्यांत आली.