रँग्लर परांजपे : मान केंब्रिजचा, शब्द फर्ग्युसनचा

गणिताचा विद्यार्थी परदेशी विद्यापीठात एखादे सत्र शिकायला निघाला, की पालघर असो वा बोईसर-तारापूर, घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : तो परत येणार ना? सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका विद्यार्थ्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ओळखतो.

दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी १६ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. नात्यातले धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी, यांनी या हुशार मुलाला शिक्षणासाठी आपल्या घरी ठेवून घेतले. कर्वे स्वतः गणिताचे शिक्षक असल्याने गणिताची गोडी घरातच लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले.

केंब्रिजच्या 'ट्रायपॉस' या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत आणि त्यांतील अव्वल विद्यार्थ्याला 'सीनियर रँग्लर'. आनंदमोहन बोस यांनी १८७४ मध्ये रँग्लर होण्याचा पहिला भारतीय मान मिळवला होता. पण अव्वल स्थानी भारतीय नाव कधी आले नव्हते. ते १८९९ मध्ये आले. जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने परांजपे सीनियर रँग्लर ठरले. परतंत्र देशातील विद्यार्थ्याने राज्यकर्त्यांच्याच अंगणात मिळवलेले हे यश होते. त्याचा आनंद देशभर झाला.

त्यानंतर त्यांनी पॅरिस आणि जर्मनीतील ग्योटिंगेन येथेही काही काळ अध्ययन केले. पॅरिसला प्वाँकारे, तर ग्योटिंगेनला क्लाइन आणि हिल्बर्ट अध्यापन करीत होते, असा तो काळ. सेंट जॉन्सने त्यांना फेलो म्हणून निवडले. नव्या गणिताची दारे उघडी होती. परांजपे मात्र पुण्याला परतले.

फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवावे, असा दंडक होता. परांजप्यांनी तो पत्करला. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि जवळपास दोन दशके त्यांनी ती धुरा वाहिली. पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त अशी पदे त्यांच्याकडे आली. ६ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

या निर्णयाची किंमतही होती. सीनियर रँग्लरच्या नावावर गणितातील मोठा सिद्धांत नाही. वर्ग, परीक्षा, वसतिगृह आणि संस्थेच्या पैशांची विवंचना यांतच उमेदीची वर्षे गेली. ते विलायतेत राहिले असते तर काय घडले असते, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

दुसरा हिशेब मात्र मांडता येतो आणि त्यासाठी पुन्हा पालघर जिल्ह्यात यावे लागते. बोईसरहून रेल्वेने उत्तरेला निघाले, की पुढे डहाणू लागते. तेथे १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचे नाव होते रँग्लर परांजपे पारितोषिक.

कापरेकर परदेशी विद्यापीठात कधी शिकले नाहीत. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करीत ते आकड्यांशी खेळत राहिले. '६१७४' हा त्यांचा स्थिरांक मात्र जगभर पोचला. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरातून त्यांच्या कामाचा परिचय करून दिला.

केंब्रिजहून एक विद्यार्थी परतला नसता, तर डहाणूच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला ती पहिली शाबासकी त्याच्या नावाने मिळाली नसती.