मल्टिपल स्क्लेरोसिसला ओळख देणारे डॉक्टर शार्को, आणि ताठरलेल्या पायात टोचली जाणारी सुई

डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर किंवा ठाण्याच्या मानपाड्याला फिजिओथेरपीच्या पाट्या वाचत गेलात, तर कंबरदुखी, गुडघेदुखी, लकवा यांच्या रांगेत आणखी एक शब्द हल्ली दिसतो. ड्राय नीडलिंग. खेळाडूंच्या आखडलेल्या स्नायूंसाठी आलेली ही पद्धत आता मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसच्या रुग्णांच्या ताठर पायांसाठीही सुचवली जाते. घरातल्या एखाद्या तरुण बाईचा पाय लाकडासारखा होतो, रिक्षात चढताना गुडघा वाकत नाही, आणि कुणीतरी सांगतं की सुया टोचून बघा, मोकळं होईल.

सुई टोचायची की नाही हे ठरवण्याआधी एका माणसाची गोष्ट माहीत असावी. पाय असा का ताठरतो, हे शोधण्यात त्याचा मोठा वाटा होता. आणि उपचारांच्या बाबतीत हाच माणूस चांगलाच फसलाही होता.

ज्याँ-मार्तें शार्को यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1825 चा, पॅरिसचा. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. शार्को अबोल होते आणि चित्रं उत्तम काढायचे. चित्रकाराची ही नजर त्यांना डॉक्टरकीत आयुष्यभर पुरली. 1853 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो सांधेदुखीवर, मेंदूवर नव्हे. मेंदूकडे ते वळले साल्पेत्रिएरमुळे.

साल्पेत्रिएर ही जागा एकेकाळी तोफांच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचं कोठार होती. नावही त्यावरूनच पडलं. पुढे तिथे पॅरिसमधल्या गरीब, म्हाताऱ्या, वेड्या ठरवलेल्या आणि कुणालाच नको असलेल्या बायकांना ठेवलं जाऊ लागलं. शार्कोंच्या काळात तिथे हजारो बायका होत्या. करिअर करायचं असलेला डॉक्टर तिथे फार काळ थांबत नसे. शार्को 1862 मध्ये तिथे विभागप्रमुख म्हणून गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

सोबत मित्र आल्फ्रेड व्युल्पियाँ होते. दोघांनी वॉर्डामागून वॉर्ड पालथे घातले आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला सुरुवात केली. शार्कोंची पद्धत सोपी होती, पण तिला वर्षानुवर्षांचा धीर लागे. रुग्ण जिवंत असताना तिचं चालणं, बोलणं, थरथर बारकाईने टिपायची. ती गेली की शवविच्छेदन करून मेंदू आणि मज्जारज्जू तपासायचे. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघायचं की कोणती जागा बिघडली तर कोणतं लक्षण दिसतं. त्या काळी ना एक्स-रे होता, ना एमआरआय.

या पद्धतीतूनच 1868 मध्ये शार्कोंनी एमएसवरची ती प्रसिद्ध व्याख्यानं दिली. मज्जारज्जूवरचे करडे, कडक डाग त्याआधीही काहींनी पाहिले होते. क्रुवेलिये आणि कार्सवेल यांनी 1830 च्या दशकातच त्यांची चित्रं छापली होती. पण त्या डागांचा आणि जिवंत माणसाच्या लक्षणांचा नीट मेळ घालून हा एक स्वतंत्र आजार आहे, असं ठामपणे मांडलं ते शार्कोंनी.

तोवर अशा रुग्णांची गणती कंपवाताच्या रुग्णांत व्हायची. शार्कोंनी दोघांतला फरक दाखवला. कंपवातात हात नुसता मांडीवर असतानाही थरथरतो. एमएसमध्ये हात शांत असतो, पण पाण्याचा पेला तोंडाकडे न्यायला घेतला की थरथर सुरू होते आणि पेला जवळ येईल तशी वाढत जाते. त्यांच्या घरच्या मोलकरणीलाच हा आजार होता, तिच्या हातून सारख्या ताटल्या फुटायच्या, तरी त्यांनी तिला कामावरून काढलं नाही, असं सांगितलं जातं. तिच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत ते डाग दिसले. यात दया किती आणि अभ्यास किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता मुद्द्याच्या लक्षणाकडे येऊ. ताठरपणा. शार्को आणि व्युल्पियाँ यांनी 1860 च्या दशकात एक गोष्ट नोंदवली. अशा रुग्णाचं पाऊल हाताने झटक्यात वर ढकललं, की ते थांबत नाही, टपटपटप हलत राहतं. आजही न्यूरॉलॉजिस्ट हेच करून पाहतात. यामागचं कारण असं. स्नायू ताणला गेला की मज्जारज्जू त्याला आकसायला सांगतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया सगळ्यांमध्ये असते, पण मेंदू वरून तिला लगाम घालत असतो. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब होतं आणि लगामाचा हा निरोप खाली नीट पोचत नाही. मग स्नायू थोड्याशा ताणानेही घट्ट आवळला जातो. म्हणजे आवळतो पोटरीचा स्नायू, पण बिघाड असतो मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात.

शार्को हे जाणून होते आणि म्हणूनच एमएसच्या उपचारांबद्दल ते फार आशावादी नव्हते. त्या काळी स्ट्रिक्निन, सिल्व्हर नायट्रेट, सोन्याचे क्षार असं बरंच काही दिलं जायचं. त्यांनीही दिलं, आणि फारसा उपयोग होत नाही हे मान्यही केलं.

मग फसले कुठे? धातूंवर. 1876 मध्ये ब्युर्क नावाच्या डॉक्टरांच्या दाव्याची तपासणी करणाऱ्या समितीत शार्को होते. अंगावर धातूच्या चकत्या ठेवल्या की बधिर त्वचेला संवेदना परत येते, असा तो दावा. समितीने पाहिलं तर खरंच संवेदना येत होती! अनुकूल अहवाल गेला. पुढे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी धातूऐवजी लाकडाच्या चकत्या लावून पाहिल्या, तर काही रुग्णांवर त्यांचाही परिणाम दिसला. गुण आला होता हे खरं, पण तो धातूचा नव्हता.

दुसरा प्रकार तर याहून विचित्र. ओडेसाच्या एका डॉक्टरांनी मज्जारज्जूच्या एका आजाराचे रुग्ण हनुवटी आणि काखेत पट्टे अडकवून टांगायला सुरुवात केली होती. शार्कोंनी 1889 मध्ये ही पद्धत साल्पेत्रिएरमध्ये आणली. चालणं सुधारतं असं वाटलं, वर्तमानपत्रांत आलं, आणि शार्कोंच्या नावामुळे ती युरोप-अमेरिकेत पसरली. काही ठिकाणी अपघात झाले. थोड्याच वर्षांत ती मागे पडली.

ड्राय नीडलिंगकडे बघताना हे दोन्ही किस्से आठवावेत, असं मला वाटतं. या पद्धतीत अॅक्युपंक्चरसारखी बारीक भरीव सुई, कोणतंही औषध न भरता, स्नायूच्या घट्ट जागी टोचतात. 1979 मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी दाखवलं की दुखणाऱ्या स्नायूत औषधाशिवाय नुसती सुई टोचूनही आराम पडतो. तिथून हा विषय वाढला. पण ते दुखणं स्नायूतलं होतं. एमएसचा ताठरपणा वरून येतो. सुईने मेंदूतला डाग जात नाही. फार तर आवळलेला स्नायू काही काळ सैल होतो. एमएसमध्ये याचे जे अभ्यास झाले ते छोटे आहेत. काहींत पाय हलका झाल्याचं दिसलं, पण तो परिणाम महिनोन्‌महिने टिकतो असा भक्कम पुरावा नाही. शिवाय खरी सुई टोचली की खोटी, हे रुग्णापासून लपवणं अवघड. लाकडाच्या चकतीची परीक्षा इथे सहज करता येत नाही.

म्हणून ती निरुपयोगी आहे असं नाही. नियमित स्ट्रेचिंग, बॅक्लोफेनसारखी गोळी, गरज पडल्यास बोट्युलिनमचं इंजेक्शन, यांच्या जोडीला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून ती करून पाहता येते. ती या उपचारांऐवजी मात्र नको. रक्त पातळ करणारी किंवा एमएससाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर ते आधी सांगायलाच हवं. छातीजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणखी एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. काही रुग्ण त्या ताठर पायाच्या जोरावरच उभे राहतात. तो एकदम सैल केला तर पडण्याची भीती. ताठरपणा अचानक वाढला असेल, तर सुईच्या आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, टोचणारा बूट, आपल्याकडचा मे महिन्यातला उकाडा ही कारणं तपासावीत.

शार्कोंकडे परत येऊ. 1882 मध्ये फ्रान्सने त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या आजारांचं खास अध्यासन निर्माण केलं. बाबिन्स्की, पिएर मारी, जिल द ला तुरेत हे त्यांचे शिष्य. 1885 च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून तरुण फ्रॉइड त्यांच्याकडे शिकायला आला आणि पुढे त्याने एका मुलाचं नाव ज्याँ-मार्तें ठेवलं. मंगळवारच्या व्याख्यानांना लेखक, नट, पुढारी गर्दी करायचे. याच व्याख्यानांत हिस्टेरियाच्या रुग्ण बायकांना संमोहित करून लोकांसमोर उभं केलं जाई. त्या बायकांना विचारलं कुणी असेल असं वाटत नाही. नान्सीचे डॉक्टर बर्नहाइम म्हणत होते की यातलं बरंचसं सूचनेचा परिणाम आहे. शार्कोंच्या मृत्यूनंतर खुद्द बाबिन्स्कींनीच गुरूचा हा भाग बाजूला ठेवला. ज्या बायकांच्या शरीरातून शार्को इतकं शिकले, त्यांच्या मनाबद्दल मात्र त्यांनी फार घाई केली.

16 ऑगस्ट 1893 रोजी सहलीवर असताना शार्कोंचं निधन झालं. वय 67. एमएसचा प्रवास बदलणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झालं ते 1993 मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर 100 वर्षांनी. त्याआधीच, 1985 मध्ये, भारतात रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली होती. तिचं काम मुंबईतूनही चालतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये एमएसचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी रुग्णाला अर्ज करता येतो.