मुंडांची जमीन आणि योहान हॉफमन

इसवी सन १८९९ च्या नाताळाच्या आदल्या रात्री छोटानागपुरातील सरवदा नावाच्या खेड्यात मिशनच्या घरावर बाण आले. सोडणारे मुंडा जातीचे लोक होते. ज्यांच्यावर ते सुटले त्या पाद्र्यांपैकी एक, योहान हॉफमन, कित्येक वर्षे मुंडांतच राहत असून त्यांचीच भाषा बोलत होते. त्या रात्री ते वाचले. पुढे नऊ वर्षांनी मुंडांच्या जमिनी मुंडांच्या लेकरांकडेच राहाव्या म्हणून एक कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या घडणीत या हॉफमन साहेबांचा हात फार मोठा होता. हा बाण व हा कायदा यांच्या मध्ये काय घडले, ते डोंगराळ व जंगली मुलखातील आपल्या मंडळ्यांस कळावे, म्हणून हे चरित्र लिहिले आहे.

एक गोष्ट प्रथमच सांगून टाकलेली बरी. हॉफमन आपल्या पंथाचे नव्हते. ते रोमन पंथाचे, त्यातही जेझुइट संघाचे होते. रांचीस जर्मन गॉस्नर मिशनचे पहिले चार पाद्री १८४५ साली आले, आणि तेथील प्रॉटेस्टंट मंडळी त्यांच्याच श्रमांची. त्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे पुढे जेझुइटांनी आपल्याकडे ओढून नेली, अशी तक्रार तिकडे बरीच वर्षे ऐकू येत असे, आणि ती निराधार नव्हती. तथापि परक्या मंडळीतल्या मनुष्याने केलेले चांगले काम चांगले म्हणण्यास आपणांस संकोच वाटू नये.

हॉफमन यांचा जन्म २१ जून १८५७ रोजी जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीजवळील वालेनडॉर्फ नावाच्या गावी झाला. त्या काळी जर्मन सरकारने जेझुइट संघास देशाबाहेर घालविले होते. म्हणून ज्या तरुणांस त्या संघात शिरावयाचे असे ते शेजारच्या देशांत जात. हॉफमन बेल्जमच्या शाखेत शिरले, आणि बंगालचे मिशन त्याच शाखेकडे असल्यामुळे लवकरच कलकत्त्यास आले. १८९१ साली त्यांस पाद्रीपणाची दीक्षा मिळाली व थोड्याच काळात त्यांची नेमणूक छोटानागपुरात झाली. प्रथम बंदगाव व नंतर सरवदा ही त्यांची ठाणी. चोहोकडे सालवृक्षाचे रान आणि त्यात विखुरलेली मुंडांची गावे, असा तो मुलूख. हल्ली तो झारखंड राज्यात मोडतो.

आता मुंडांच्या जमिनीची रीत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण सगळे भांडण तिच्याच पोटी आहे.

फार प्राचीन काळी एखाद्या कुळीचे भाऊबंद रानात शिरत, झाडे तोडून, खुंट उपटून शेते करीत, आणि गावाची शीव ठरवीत. त्या शिवेच्या आत जे जे येई, म्हणजे शेत, पडीक, ओढा, रान, ते सर्व त्या मूळ वसविणाऱ्यांच्या वंशाचे समाईक. या हक्कास खुंटकट्टी म्हणतात. आपण मराठीत खुंट म्हणतो तो तोडलेल्या झाडाचा. त्यांच्याकडे तोच शब्द रान तोडणाऱ्या वंशासही लागतो, हे ध्यानात ठेवण्यास सोपे आहे. गावच्या मुख्यास मुंडा व अनेक गावांच्या मुख्यास मानकी म्हणत. राजा दूर राही. त्यास मानकीमार्फत ठरीव वर्गणी जाई. ही वर्गणी होती, खंड नव्हता. जमीन राजाची नसून रान तोडणाऱ्याची, अशी त्यांची समजूत होती, आणि ती खरी होती.

परंतु राजांनी बाहेरून आलेल्या ब्राह्मणांस, शिलेदारांस, व्यापाऱ्यांस व ठेकेदारांस गावेच्या गावे देऊन टाकिली. या नव्या धन्यांनी वर्गणीला खंड म्हटले, खुंटकट्टीदारांस कूळ म्हटले, वेठबिगार लादली आणि हळूहळू शेतेच घेतली. कज्जा कोर्टात गेला तर तेथे कागद मागत. मुंडांजवळ कागद कोठचा? त्यांच्याजवळ दगड होते. प्रत्येक कुळीच्या मृतांच्या अस्थी ज्या मोठ्या शिळांखाली ठेवीत, त्यांस ते ससनदिरी म्हणतात. ज्या गावात आपल्या वाडवडिलांची ससनदिरी आहे ते गाव आपले, हाच त्यांचा पट्टा व हीच त्यांची सनद. न्यायाधीशास मुंडारी भाषा येत नसे, वकील व कारकून बहुधा धन्याच्या बाजूचे, आणि दगड काही साक्षीस उभा राहत नसे. याप्रमाणे खऱ्या मालकाने दावा हरावा आणि खोट्याने जिंकावा, असे पिढ्यानपिढ्या चालले.

लोक स्वस्थ बसले नव्हते. १८३१-३२ साली मोठे बंड झाले. नंतर सरकारने १८६९ साली एक कायदा करून भुईंहारी म्हटलेल्या काही जमिनी नोंदविल्या, परंतु मुंडा मुलखातील खुंटकट्टीची त्यात सोयच नव्हती, आणि कित्येकांनी भीतीमुळे नावे दिलीच नाहीत. मग सरदार म्हणविणाऱ्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, वर्गण्या गोळा करून कलकत्त्यापर्यंत वकील धरले. त्यांतील पुष्कळ सरदार जर्मन मिशनचे ख्रिस्ती होते. आपल्या पाद्र्यांनी आपली फिर्याद हाती घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असे. पाद्र्यांस वाटे की आत्म्याचे काम व जमिनीचे काम मिसळू नये. या मतभेदाने अनेक घरे मंडळीबाहेर गेली. १८८५ साली आलेले बेल्जन जेझुइट कॉन्स्टंट लिव्हेन्स यांनी मात्र खंडाचा कायदा शिकून कुळांचे खटले चालविले, आणि हजारो लोक त्यांच्या पंथास मिळाले. त्यांतील किती विश्वासाने आले आणि किती दाव्यासाठी, याचा निवाडा आपण न केलेला बरा. पोटाला चिमटा बसलेला मनुष्य ज्याच्या दारी ऐकून घेतात त्या दारी जातो, एवढे खरे.

याच सुमारास बिरसा मुंडा पुढे आला. लहानपणी त्याचे शिक्षण जर्मन मिशनच्या शाळेत, चाईबासा येथे झाले होते व त्याचा बाप्तिस्माही झाला होता; पुढे त्याने मिशन सोडले. जंगल कायद्याखाली पडीक जमीन व रान सरकारजमा होऊ लागल्याने लोकांची सरपण, लाकूड व चराईची वाट बंद पडत होती, आणि त्या गाऱ्हाण्याच्या चळवळीत तो ऐन तारुण्यात शिरला. पुढे तो देवाचा पाठविलेला आहे असे लोक मानू लागले. १८९५ साली त्यास पकडून दोन वर्षे कैदेत ठेविले. सुटून आल्यावर त्याच्या अनुयायांनी १८९९ च्या नाताळात ठाणी, धनी व मिशने यांच्यावर एकदम हल्ले केले. सरवद्याचे बाण हे त्यांतलेच. ९ जानेवारी १९०० रोजी सैल रकब टेकडीवर जमलेल्या लोकांवर सरकारी शिपायांनी गोळ्या झाडल्या, आणि मेलेल्यांत स्त्रियाही होत्या. बिरसा फेब्रुवारीत पकडला गेला व ९ जून १९०० रोजी, खटला चालण्यापूर्वीच, रांचीच्या तुरुंगात मरण पावला. तेव्हा त्याने वयाची पंचविशीही गाठली नव्हती.

हॉफमन बिरसाच्या पंथाचे विरोधक होते, हे लपविण्याचे कारण नाही. बिरसाच्या हातून मिशनच्या निरपराध माणसांस भय व इजा पोहोचली, हेही खरे. पण येथेच या मनुष्याचे वेगळेपण दिसून येते. ज्याच्यावर बाण सुटला तो बहुधा सोडणाऱ्याचा हातच पाहतो; हॉफमन यांनी तो हात का उचलला गेला ते पाहिले. शिपायांनी बंड मोडेल, परंतु जमिनीचा निकाल लागल्यावाचून शांती होणार नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांस पटविण्याचा उद्योग आरंभिला. त्यांच्या हाती एक हत्यार होते, जे अधिकाऱ्यांपाशी नव्हते आणि वकिलांपाशीही नव्हते. ते म्हणजे मुंडारी भाषा. १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण छापून निघाले. पण व्याकरण लिहिताना त्यांनी केवळ विभक्त्या गोळा केल्या नव्हत्या. शेताला, शिवेला, वर्गणीला, गहाणाला, वाटणीला मुंडा काय म्हणतात, प्रत्येक शब्दामागे कोणती वहिवाट आहे आणि ती कोणत्या गावी कशी चालते, हे त्यांनी म्हाताऱ्यांजवळ बसून विचारून घेतले होते.

सरकारने १९०२ साली मुंडा मुलखाची मोजणी व हक्कनोंदणी सुरू केली. तिच्यावरील अधिकारी लिस्टर साहेब यांच्यासह हॉफमन यांनी मुंडांच्या भूमिपद्धतीवर एक विस्तृत टिपण लिहिले. ते पुढे मोजणीच्या सरकारी अहवालास जोडण्यात आले. त्या टिपणाचा मथितार्थ एवढाच की हे लोक कोणाचे कूळ नाहीत; ते रान तोडणारे मूळ मालक असून त्यांचा हक्क समाईक आहे. वाचावयास हे साधे वाटते. परंतु सरकारी दप्तरात आजवर जमीनदार व कूळ असे दोनच रकाने होते, आणि या लोकांचा तिसरा रकाना उघडावा लागला. नोंदणी पुरी झाली तेव्हा ज्यांची खुंटकट्टी अभंग राहिली होती अशी गावे दीडशेच्या घरातच उरली होती. बाकीच्यांची मोडून गेली होती. कागद फार उशिरा आला.

१९०३ च्या दुरुस्तीने खुंटकट्टी जमिनीच्या विक्रीस आळा बसला, आणि १९०८ साली छोटानागपूर कुळकायदा झाला. त्याने मुंडारी खुंटकट्टीदार हा शब्द पक्का करून कायद्यात घातला. अशी जमीन विकता येत नाही. निकड पडली तर भुगुत बंधा नावाचे गहाण करता येते, तेही सात वर्षांपेक्षा अधिक मुदतीचे नव्हे. या गहाणाची खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. सावकाराने तेवढी वर्षे पीक खावे, त्यातच मुद्दल व व्याज दोन्ही फिटले असे धरावे, आणि मुदत संपताच शेत मूळ मालकाच्या हाती परत यावे. म्हणजे व्याजावर व्याज चढून शेत बुडण्याची वाटच बंद. ही नवी युक्ती नव्हती. लोकांतलीच जुनी चाल होती, ती उचलून कायद्यात बसविली. इतर रयतांच्या जमिनींच्या विक्रीवरही निर्बंध आले, आणि वेठबिगारीस चाप बसला.

कायद्याने शेत वाचले तरी घरात दाणा नसेल तर मनुष्य सावकाराकडे जातोच, हे हॉफमन जाणून होते. म्हणून १९०९ साली त्यांनी मिशनच्या लोकांसाठी सहकारी पतपेढी काढली. ज्यांनी जन्मात शिल्लक म्हणून पैसा पाहिला नव्हता अशांकडून अगदी लहान रकमा घेऊन ती उभारली. पुढे दुकानाचीही जोड दिली, की मीठ, कापड व लोखंड घेताना लोक फसू नयेत. कोणी म्हणेल, पाद्र्याने मिठाच्या दुकानाचे हिशेब का पाहावे? ज्याने आठवड्याच्या बाजारात आपल्या मंडळीतील बाईला मापात फसविलेले पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही.

या कामास थोडी वर्षे होतात तोच महायुद्ध पेटले. हॉफमन जर्मन, १९१५ साली त्यांस हिंदुस्थानातून घालवून दिले. गॉस्नर मिशनच्या जर्मन पाद्र्यांवरही तोच प्रसंग आला. ज्या दोन मिशनांत इतकी वर्षे चढाओढ होती, त्यांची माणसे एकाच हुकमाने देशाबाहेर गेली, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. रांचीच्या प्रॉटेस्टंट मंडळीने १९१९ साली आपला कारभार आपल्या हाती घेतला. हॉफमन पुन्हा छोटानागपुरास आले नाहीत.

जर्मनीत त्यांनी एकच काम धरिले. मुंडांच्या शब्दांचा, चालींचा, शेतीचा, शिकारीचा, सणांचा व देवांचा महाकोश. त्यांच्याजवळ टिपणे होती, आठवण होती, पण विचारावयास म्हातारे नव्हते. वय झालेले, शरीर थकलेले, आणि ज्या गावांविषयी लिहावयाचे ती समुद्रापलीकडे. १९२८ च्या नोव्हेंबरात ट्रियर शहरी त्यांचा अंत झाला. महाकोशाचे बहुतेक भाग त्यांच्या मागून पाटण्याच्या सरकारी छापखान्यातून निघाले. आजही मुंडांविषयी कोणास काही पाहावयाचे असले तर प्रथम ते भाग उघडावे लागतात.

कायद्यास शंभराहून अधिक वर्षे झाली. पळवाटा काढणारे थांबले नाहीत, आणि खोट्या खरेदीखतांनी पुष्कळ जमीन गेली. २०१६ साली झारखंड सरकारने त्यात असे फेरफार सुचविले की शेतजमीन अन्य कामास वापरण्याची वाट मोकळी व्हावी. लोकांनी जबर विरोध केला, आणि २०१७ साली ते फेरफार मागे घ्यावे लागले.

आपल्या ठाणे, नंदुरबार, गडचिरोली वगैरे भागांतील वाचकांनी आणखी एक गोष्ट जाणून ठेवावी. २००६ साली सबंध देशासाठी वनहक्क कायदा झाला. त्याखाली दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो. १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासूनचा कबजा दाखवावा लागतो, आणि जे आदिवासी वर्गात मोडत नाहीत त्यांस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. बाप्तिस्मा घेतल्याने अनुसूचित जमातीचा हक्क जात नाही. याविषयी कोणी भय घातले तर त्यावर विश्वास ठेवू नये. या कायद्याच्या २००८ च्या नियमांत कोणते पुरावे चालतात ते सांगितले आहे. त्यांत सरकारी कागद आहेतच. पण दावेदाराखेरीज गावातील वृद्धांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतही आहे. त्याखेरीज जुन्या विहिरी, पवित्र स्थाने आणि मृतांस पुरण्याच्या जागाही पुरावा म्हणून धरल्या आहेत. मुंडांचा जो दगड रांचीच्या कोर्टात मुका ठरला होता, त्याच जातीचा दगड आता साक्षीस घेतला जातो.