पुन्हा पुन्हा जन्मलेलं रिव्हॉल्व्हर : सॅम्युअल कोल्ट

आमच्या मार्केटिंगच्या पुस्तकात वस्तूच्या आयुष्याचा एक आलेख असतो. वस्तू बाजारात येते, खप वाढतो, काही काळ टिकतो, मग उतरणीला लागतो आणि रेघ तळाशी जाऊन संपते. परीक्षेला हमखास येणारी ही आकृती मी कितीदा तरी काढली आहे. पण ज्या माणसाचं चरित्र मी आज सांगणार आहे, त्याच्या वस्तूने ही रेघ कधीच सरळ पाळली नाही. ती तळाला गेली आणि पुन्हा वर आली. तो हयात असताना एकदा, आणि तो गेल्यावर कित्येकदा. माणसाचं नाव सॅम्युअल कोल्ट, आणि वस्तू म्हणजे रिव्हॉल्व्हर.

वाङ्मय मंडळाच्या अंकात शस्त्रं बनवणाऱ्याचं चरित्र कशाला, असं काहींना वाटेल. संतांची, सुधारकांची, लेखकांची चरित्रं आपण वाचतोच. पण ज्याच्या कामाचा हिशेब जमेत धरायचा की खर्चात, हे चटकन ठरत नाही, अशा माणसाचंही चरित्र अधूनमधून वाचावं, असं मला वाटतं.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड या गावी झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांचा धंदा बुडालेला. शाळेत हा मुलगा रमला नाही. दारूकाम आणि स्फोट यांतच त्याचा जीव. शेवटी १८३० साली, सोळाव्या वर्षी, घरच्यांनी त्याला बोस्टनहून ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून पाठवलं. जहाज कुठे निघालं होतं? तर आपल्या कलकत्त्याला! जहाजाचं चाक फिरताना त्याचा प्रत्येक आरा ठरावीक जागी अडकवून धरता येतो, हे पाहून त्याला फिरत्या सिलिंडरची कल्पना सुचली, असं सांगतात. त्या सफरीतच त्याने लाकडाचा एक नमुना कोरला.

तोवर पिस्तूल म्हणजे एकदा बार काढला की पुन्हा दारू-गोळी ठासत बसायचं. कोल्टच्या नमुन्यात घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे फिरे आणि नळीसमोर अडकून बसे. फिरत्या सिलिंडरची शस्त्रं त्याच्याआधीही लोकांनी करून पाहिली होती. कोल्टने ती कल्पना रोजच्या वापराला टिकेल अशी केली.

नमुने घडवायला पैसा हवा होता. तो त्याने कसा उभा केला, हा मला त्याच्या चरित्रातला सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. गावोगाव फिरून तो लोकांना हसवणाऱ्या वायूचे प्रयोग दाखवू लागला. स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा, आणि जाहिरातीत न्यूयॉर्क, लंडन यांच्या जोडीला कलकत्त्याचंही नाव लावायचा! खलाशी म्हणून पाहिलेलं बंदर त्याने पदवीसारखं वापरलं. माल विकण्याआधी नाव विकावं लागतं, ही अक्कल त्याला विशीच्या आतच आली होती.

१८३५ साली इंग्लंडमध्ये आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत त्याला पेटंट मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कारखाना सुरू झाला. पाच बारांचं हे रिव्हॉल्व्हर आज ‘पॅटर्सन’ याच नावाने ओळखलं जातं. पण १८३७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. वस्तू महाग, आणि त्यातले भाग नाजूक. लष्कराने चाचणी घेऊन ती नापसंत केली. कोल्टचा हातही खर्चाच्या बाबतीत सैल होता. १८४२ साली कारखाना बंद पडला. त्याच वर्षी त्याच्या घरावरही घाला आला. त्याच्या भावाला, जॉनला, एका मुद्रकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, आणि फाशीच्या दिवशीच त्याने तुरुंगात स्वतःचा जीव घेतला. अठ्ठावीस वर्षांचा सॅम्युअल त्या साली पार उघडा पडला. पुढली काही वर्षं तो पाण्याखालचे सुरुंग आणि तारायंत्राच्या जलरोधक तारा यांच्या मागे होता. रिव्हॉल्व्हरचा विषय संपल्यात जमा होता.

पण वस्तू विकल्या गेल्या होत्या, त्या कुठेतरी वापरल्या जातच होत्या. टेक्सासच्या आरमाराने काही पॅटर्सन घेतली होती, ती पुढे टेक्सास रेंजर्सच्या हाती आली. १८४४ साली मूठभर रेंजर्सनी ती घेऊन कोमांची या मूळ रहिवासी जमातीच्या मोठ्या तुकडीला हरवलं. एकेक बार काढून थांबणाऱ्या शत्रूची सवय असलेल्या कोमांचींना घोड्यावर बसल्या बसल्या पाच बार काढणारा शत्रू नवा होता. कारखाना बंद, पण वस्तूची कीर्ती मात्र वाढत चाललेली.

१८४६ साली मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं, तेव्हा त्या रेंजर्सपैकी सॅम्युअल वॉकर हा कोल्टच्या संपर्कात आला. रिव्हॉल्व्हर हवं, पण सहा बारांचं, जड गोळीचं, मोडणार नाही असं. १८४७च्या जानेवारीत एक हजार नगांची सरकारी मागणी पक्की झाली. मागणी आली खरी, पण कोल्टकडे ना कारखाना, ना हत्यारं, ना दाखवायला जुना नमुना! त्याने एली व्हिटनी धाकटा याच्या शस्त्रशाळेत माल करून घेतला. हे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलोचं होतं. त्यात दारू इतकी मावे की काहींची सिलिंडरं फुटली. त्यामुळे वर्षभरातच ते थांबवून ‘ड्रॅगून’ नावाचं थोडं हलकं रिव्हॉल्व्हर आलं. वॉकर स्वतः १८४७च्या ऑक्टोबरात मेक्सिकोत मारला गेला.

पॅटर्सन बंद पडलं ते वाईट होतं म्हणून नाही, आणि परत आलं ते पहिल्यासारखं होतं म्हणूनही नाही. विकत घेणारा नव्हता म्हणून बंद पडलं. वापरलेल्याने मागितलं म्हणून, आणि मागताना बदलून मागितलं म्हणून परत आलं. मला वाटतं, पुढच्या दीडशे वर्षांची गोष्ट या एका प्रसंगात आहे.

पुढे कोल्टने मागे वळून पाहिलं नाही. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने माल मांडला. त्याच सुमारास आलेलं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर दोन लाखांहून अधिक खपलं. १८५५ साली हार्टफर्डला नदीकाठी पुराला अडवणारा बांध घालून त्याने प्रचंड कारखाना उभारला. त्यावर निळा घुमट आणि घुमटावर उधळलेलं शिंगरू, कारण कोल्ट या शब्दाचा अर्थच शिंगरू. तिथे यंत्रांवर एकसारखे भाग निघत आणि कुशल कारागीर ते जुळवत.

याच वर्षी रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराने आरपार छिद्रं असलेल्या सिलिंडरचं पेटंट घेतलं. धातूचं तयार काडतूस मागून भरता यायला तेच लागत होतं. व्हाइटचा करार झाला स्मिथ अँड वेसनशी. मग काय, १८६९ पर्यंत कोल्ट कंपनीला जुन्या, ठासणीच्याच पद्धतीवर राहावं लागलं. म्हणजे एखादं मॉडेल चालू राहतं तेही कधी कधी कायद्यामुळे. गुणांमुळेच असं नाही. कोल्टने स्वतःचं पेटंट कोर्टात झगडून सांभाळलं होतं, आणि दुसऱ्याच्या पेटंटने त्याचीच वाट अडवली.

अमेरिकेत यादवी युद्धाचे ढग जमले तेव्हा कोल्ट उत्तरेलाही माल देत होता, दक्षिणेलाही. युद्ध पेटेपर्यंत हे चाललं आणि त्याबद्दल त्याच्यावर कडक टीका झाली. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याची बरीचशी मुलं लहानपणीच गेली होती. मागे राहिली पत्नी एलिझाबेथ. १८६४ साली कारखान्याचा मोठा भाग जळून खाक झाला. एलिझाबेथबाईंनी तो पुन्हा बांधला, घुमटासकट. पती आणि मुलांच्या स्मरणार्थ त्यांनी हार्टफर्डमध्ये एक चर्चही बांधलं. चांगल्या मेंढपाळाचं नाव असलेल्या त्या चर्चच्या एका दारावर, दगडात, रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग कोरलेले आहेत. श्रद्धा, शोक आणि व्यापार एकाच दगडात! ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ विचार करत होतो, आणि अजूनही त्यावर माझं एक मत ठरत नाही.

कोल्ट गेला, पण मॉडेलं येत-जात राहिली. व्हाइटचं पेटंट संपल्यावर १८७३ साली कंपनीने ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर आणलं. लोक त्याला ‘पीसमेकर’ म्हणत, शांतता करणारं! १८९२ साली लष्कराने नव्या पद्धतीचं, लहान गोळीचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. पण पुढे फिलिपिन्सच्या लढाईत ती गोळी कमी पडते अशी तक्रार झाली आणि साठवणीतली जुनी पीसमेकर पुन्हा बाहेर काढावी लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९४०च्या सुमारास, त्याचं उत्पादन थांबलं. खप मंदावला होता, यंत्रं झिजली होती, आणि कारखान्याला युद्धाचा माल काढायचा होता. मग १९५०नंतर टेलिव्हिजनवर काउबॉयच्या मालिका सुरू झाल्या. गिऱ्हाईक तेच जुनं रिव्हॉल्व्हर मागू लागलं, आणि रूगरसारख्या नव्या कंपन्या तशा धाटणीचा माल विकू लागल्या. दुसरा आपल्या जुन्या मालावर कमावतो आहे हे पाहून कोल्ट कंपनीने १९५६ साली पीसमेकर पुन्हा सुरू केलं. इटलीतली उबेर्ती कंपनी तर १९५९ साली सुरू झाली तीच ‘नेव्ही’ची नक्कल बनवून.

अलीकडचं उदाहरण ‘पायथन’चं. १९५५ साली आलेलं हे रिव्हॉल्व्हर कारागीर कानस घेऊन हातांनी जुळवत. पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांची पिस्तुलं घेतली, हातकाम परवडेनासं झालं, आणि २००५ साली ते बंद पडलं. बंद पडल्यावर जुन्या नगांच्या किमती वाढल्या. एका गाजलेल्या मालिकेच्या नायकाने पायथन वापरलं, त्याने मागणीत भरच पडली. २०२० साली कंपनीने ते परत आणलं. नाव तेच, रूप तेच, पण आत कमी भाग, नवं पोलाद आणि संगणकावर चालणारी यंत्रं. परत आलेली वस्तू हुबेहूब जुनी नसते, हे वॉकरच्या वेळीच दिसलं होतं.

तेव्हा पुस्तकातल्या आलेखाला मी माझ्यापुरती एक टीप जोडली आहे. वस्तू बंद पडते ती पैसा, हात, कायदा किंवा युद्ध यांमुळे. ती परत येते, ती कुणाला तरी आठवत असते म्हणून. पण आठवण कुणाची, हेही विचारायला हवं. पीसमेकर परत आलं ते पडद्यावरच्या नायकाच्या आठवणीतून. नळीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या कोमांचींची आठवण त्या मागणीत कुठेच नव्हती. कंपनीला जुने नकाशे, जुनी नावं पुन्हा काढता येतात. गेलेली माणसं तशी काढता येत नाहीत. सॅम्युअल कोल्टची हुशारी, चिकाटी आणि धडपड मला मनापासून आवडते. त्याच्या कारखान्यातून निघालेला माल पाहिला की तेवढ्याच मनापासून थांबावंसं वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि चरित्र वाचताना त्यातली एक खोडून टाकायची मला गरज वाटत नाही.