बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण : शहर नव्हे, संस्था निवडताना



बारावीचा निकाल लागला की आपल्या शाळेतून गेलेल्या मुलांचे पालक परत भेटायला येतात. पोराला पुण्याला घालू, मुंबईला घालू का थेट दिल्लीला पाठवू, असं विचारतात. शहर ठरलेलं असतं. पण त्या शहरात नेमकं कुठं शिकायचं आणि का, हे विचारलं की गप्प होतात. म्हणून आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनातला हा भाग मांडत आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे. वडील रामजी सुभेदार तेव्हा आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. तिथे लोकांना काम मिळावे म्हणून तलाव खोदला जात होता. सुट्टीत वडिलांकडे निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण ती मुलांनाच हाकावी लागली. रात्रभर प्यायला पाणीसुद्धा मिळालं नाही.

लंडनमध्ये कुठे?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडनला आले. लंडन ही तेव्हा ब्रिटिश साम्राज्याची राजधानी. आपल्याकडून इंग्लंडला शिकायला जाणारे बहुतेक जण बॅरिस्टर होऊन परतत. बाबासाहेबांनीही ग्रेज इन या कायद्याच्या संस्थेत नाव घातले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. अर्थशास्त्रासाठी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. ही संस्था १८९५ साली स्थापन झालेली, म्हणजे जेमतेम २१ वर्षांची. ऑक्सफर्ड-केंब्रिजची नावे कित्येक शतकांची होती. पण बाबासाहेबांचा विषय होता भारताचा पैसा, सरकारी जमाखर्च आणि रुपया. तो शिकवणारी माणसे इथे होती. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी इथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्रही दिले होते.

नकाशा काढून बघा, मुलांनाही दाखवा. ही संस्था, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियमचे प्रसिद्ध वाचनालय ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. भारताच्या कारभाराची कागदपत्रे इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात, तीही त्याच शहरात होती.

मध्येच शिक्षण तुटले

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. पण येताना त्यांनी एक गोष्ट पक्की केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके मात्र युद्धात समुद्रात बुडाली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी केली, त्यातून काटकसरीने पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

इकडे परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशात संसार ओढत होत्या. तिकडे बाबासाहेब भाडे वाचवायला पायी जात, सकाळपासून वाचनालय बंद होईपर्यंत बसत आणि रात्री खोलीवर पापड भाजून खात. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी सुधारणेसाठी परत दिला. पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठवला. त्याच वर्षी पदवी मिळाली.

पालकांसाठी

आपण मुलाला शहरात पाठवताना मोठं नाव आणि शेजारच्याचा पोरगा कुठं गेला एवढंच बघतो. त्याऐवजी काही प्रश्न घरी बसून लिहून काढा. मुलाला नेमकं काय शिकायचंय? ते कोण शिकवतं? ग्रंथालय कसं आहे, किती वाजेपर्यंत उघडं असतं? राहण्याची जागा किती लांब? पैशामुळे वर्ष तुटलं तर परत प्रवेश मिळतो का? हा शेवटचा प्रश्न आपल्या दुष्काळी भागात आधी विचारायला हवा. एक पाऊस चुकला की फी थांबते आणि पोरगं घरी येतं. ते परत कॉलेजला जाईल का, हे पुष्कळदा त्या उत्तरावर ठरतं.

शिक्षक मित्रांनो, ७ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. या वेळी भाषणांसोबत पालकांनाही बोलवा आणि हे प्रश्न फळ्यावर लिहून त्यांच्याशी बोला.