बोरीचा वाचक आणि नागर गूढगुंजन : बा. भ. बोरकरांची जडणघडण

बाळकृष्ण भगवंत बोरकर यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० रोजी गोव्यातील कुडचडे येथे झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले होते आणि गोव्यातील हिंदूंना नागरी समतेचा पहिला आधार मिळू लागला होता. बोरकरांचे घराणे मात्र जुवारीकाठच्या बोरीचे. नवदुर्गेचे देऊळ, भजन-कीर्तन आणि संतांच्या ओव्या-अभंगांचा घरातला पाठ यांतून त्यांचा कान घडला. कविता ही प्रथम ऐकण्याची वस्तू आहे, हा संस्कार छापील पुस्तक हाती येण्यापूर्वीच त्यांच्यावर झालेला होता. शाळेची भाषा पोर्तुगीज, घरची कोंकणी आणि काव्याची मराठी. या तिहेरी व्यवस्थेचा ताण त्यांच्या पुढील आयुष्यात कधीच पूर्णपणे मिटला नाही.

अशा वाचकाच्या वाट्याला भास्कर रामचंद्र तांबे यांची कविता आली. देवास, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानी नगरांच्या संगीतप्रेमी वातावरणात ती वाढलेली होती. रचनेबरोबर राग व चाल यांचा निर्देश करणारा हा कवी लौकिक प्रीतीतून अलौकिकाकडे सहज सरकतो. मराठी समीक्षेने ज्याला गूढगुंजन म्हटले, त्याचा हा एक ठळक आविष्कार. दरबारी मैफलीचे जग बोरीच्या तरुणाला परके असणार, असा तर्क कोणीही करील. तो अर्धाच खरा आहे. मैफल परकी होती, पण गाऊन आळवणे परके नव्हते. ज्या आर्ततेने देवळात अभंग आळवला जातो, तीच आर्तता तांब्यांच्या गीतात प्रियतमाला उद्देशून येते. तिथे बोरकरांचा जीव गुंतला. गूढाचा अर्थ तत्त्वज्ञानाच्या वाटेने उकलण्यापूर्वी त्यांनी तो नादाच्या वाटेने आत्मसात केला.

या रसिकतेची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रतिभा’ या पहिल्या संग्रहात तांब्यांची छाया गडद आहे. त्या वयात तसे होणे क्षम्यच. प्रश्न एवढाच होता की गुरूच्या सुरात विरघळलेला हा कंठ पुन्हा वेगळा ओळखू येणार की नाही. पोटासाठी पोर्तुगीज शाळेतील शिक्षकी आणि मनात मराठी गीत, अशी ती वर्षे होती. १९३७ मध्ये ‘जीवनसंगीत’ आला तो वि. स. खांडेकरांच्या प्रस्तावनेसह. शीर्षकातच संगीताचा स्वीकार होता, परंतु सुरांना आता गोव्याचा पाऊस, माड आणि नदी लगडू लागली होती. १९४१ मध्ये तांबे निवर्तले. १९४७ च्या ‘दूधसागर’पर्यंत बोरकरांच्या कवितेतील दिव्यत्व नगरातील दिवाणखान्यातून पुरते उतरून भातखाचरांत आणि ओल्या मातीत वसले होते. शिष्याने गुरूचा विषय सोडला, आळवणी मात्र सोडली नाही. ‘तांबे संप्रदायाचा कवी’ या शिक्क्यात नेमका हाच फरक बुजून जातो.

रवींद्रनाथांशी असलेले त्यांचे नातेही याच जातीचे. कलकत्त्याच्या जोडासाँकोत जन्मलेला, कविता आणि चाल एकाच हातून घडविणारा हा कवी त्यांना दीर्घकाळ सोबत करीत राहिला. ‘आनंदयात्री रवींद्रनाथ’ हा त्यांचा ग्रंथ म्हणजे या सोबतीचा हिशोबच.

पुढे मुंबईतील पत्रकारी, गोवा मुक्तीचा लढा आणि १९५५ पासून पुणे व पणजी आकाशवाणीवरील नोकरी यांमुळे बोरीचा वाचक स्वतःच नगरवासी झाला. १९६० मध्ये मराठीत ‘चित्रवीणा’ आणि कोंकणीत ‘पांयजणां’ असे दोन संग्रह निघाले. दोन्ही नावे नादाची, पण पैंजण हे घरच्या भाषेतले. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ‘सासाय’ या कोंकणी संग्रहासाठी मिळाला. ८ जुलै १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर महाराष्ट्र-गोव्यातील असंख्य श्रोत्यांनी त्यांची कविता पुस्तकात वाचण्यापूर्वी त्यांच्याच तोंडून, सुरावर ऐकलेली होती.