विश्लेषण : बाटलीबंद अन्नाचे जनक निकोला आपेर कोण होते? त्यांची पद्धत आज घरी वापरावी का?

जॅमच्या नव्या बाटलीचे झाकण उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो. या हवाबंद बाटलीची सुरुवात पॅरिसमधील एका मिठाईवाल्याने केली.

कोण होते आपेर?

निकोला आपेर यांचा जन्म १७४९ मध्ये फ्रान्समधील शालों येथे झाला. वडील खानावळ चालवत. आपेर यांनी १७८४ मध्ये पॅरिसमध्ये मिठाईचे दुकान थाटले. राज्यक्रांतीच्या काळात त्यांना तुरुंगवासही घडला.

नेमके काय केले?

अन्न टिकवायचे तर खारवणे, वाळवणे, साखरेत किंवा व्हिनेगरमध्ये मुरवणे हेच तेव्हाचे मार्ग होते. त्यात मूळ चव बदलते. आपेर यांनी १७९५च्या सुमारास प्रयोग सुरू केले. जाड काचेच्या बाटलीत मटार, मांस, दूध भरायचे, बूच घट्ट ठोकून तारेने बांधायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना १२ हजार फ्रँक दिले. पद्धत सर्वांसाठी खुली करण्याची अट होती. त्यांनी पुस्तक लिहून ती जाहीर केली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड यांनी अशाच पद्धतीचे पेटंट घेतले; त्यात पत्र्याचे डबेही होते.

शेवट कसा झाला?

१८१४च्या युद्धात आपेर यांचा मासी येथील कारखाना उद्ध्वस्त झाला. १८४१ मध्ये गरिबीतच त्यांचे निधन झाले.

मग धोका कुठे आहे?

अन्न का टिकते, हे आपेर यांना माहीत नव्हते. नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवले. पुढे बोट्युलिझमचा जिवाणू सापडला. त्याचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसलाही तग धरतात आणि हवाबंद बाटलीत वाढून विष तयार करतात. अन्नाचा वास, रंग बदलेलच असे नाही.

त्यामुळे आंबट फळे, जॅम यांच्या बाटल्यांना उकळते पाणी चालते. मटार, घेवडा, मांस अशा कमी आम्लाच्या पदार्थांना मात्र दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंतचे तापमान लागते. म्हणजे आपेर यांनी उकळलेली मटारची बाटली आजच्या निकषांत बसत नाही. घरी असे पदार्थ फ्रीझरमध्ये ठेवणेच सुरक्षित.